बर्फावरचं मस्टर

"तुमच्या त्या खेळाडूंना पगार कोण देत होतं?"

प्रश्न विचारणारे गृहस्थ पंच्याहत्तरीच्या घरातले असावेत. पुण्यातल्या एका वाचनालयाच्या माडीवर तीसेक श्रोत्यांसमोर मी चेकोस्लोव्हाकियाच्या आइस हॉकीवर तासभर बोललो होतो. विषय मीच सुचवला होता आणि बोललोही रंगून. 1968 च्या ऑगस्टात सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले, सात महिन्यांनी स्टॉकहोमच्या बर्फावर चेकोस्लोव्हाक संघानं सोव्हिएत संघाला आठवड्यात दोनदा हरवलं आणि त्या रात्री सगळा देश रस्त्यावर आला. ही गोष्ट सांगायला सोपी आहे. श्रोते गहिवरतात. तेही गहिवरले. मग मागच्या रांगेतून हा प्रश्न आला.

मी म्हटलं, "ते हौशी खेळाडू होते. साम्यवादी देशात व्यावसायिक खेळ नव्हताच."

"हौशी म्हणजे माझ्यासारखे ना? मी बँकेकडून कबड्डी खेळायचो. सकाळी मस्टरवर सही, की थेट मैदानात. बावीस वर्षांत लेजर हातात घेतलं ते निवृत्तीच्या आधी चार वर्षं. मग त्यांचं मस्टर कुठं होतं?"

मला उत्तर देता आलं नाही. काहीतरी सारवासारव केली आणि चहा आला म्हणून सुटलो. पण घरी येईपर्यंत प्रश्न पायात घोटाळत राहिला. ज्यावर मी चार-पाच वर्षं वाचत होतो, त्या इतिहासाचा मधला खांबच मी पाहिला नव्हता. मी सामने पाहिले होते, खेळाडूंची चरित्रं वाचली होती; पण हे खेळाडू जिथं वर्षभर खेळत, त्या देशांतर्गत लीगकडं ढुंकूनही बघितलं नव्हतं. हा लेख त्या गृहस्थांना उशिरा दिलेलं उत्तर आहे.

या विषयाशी माझा संबंध आला तो लेकीमुळं. ती नोकरीनिमित्त प्रागला गेली आणि आम्ही दोघं नवरा-बायको एका हिवाळ्यात तिच्याकडं राहायला गेलो. शेजारच्या आजोबांशी मोडक्या इंग्रजीत गप्पा चालत. एकदा मी अभिमानानं सांगितलं, की आमचा देशही हॉकीवाला, आठ सुवर्णपदकं आहेत आमच्याकडं. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य मावेना. भारतात एवढा बर्फ? मग उलगडा झाला. चेक भाषेत नुसतं 'होकेय' म्हटलं, की ती बर्फावरचीच. आपल्या हॉकीला तिथं 'जमिनीवरची हॉकी' असं विशेषण लावून म्हणावं लागतं. ध्यानचंदांच्या खेळाला विशेषण लागतं हे मला जरा लागलं. पण आपणही त्यांच्या खेळाला 'आइस' हा उपसर्ग लावतोच की.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. एका बाजूला सहा जण, त्यात एक गोलरक्षक. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. चेंडूऐवजी कडक रबराची काळी चकती, तिला पक म्हणतात. खेळ इतका दमवणारा, की खेळाडू मिनिटभराच्या आतच बाकावर परततो आणि खेळ न थांबवता दुसरा कठड्यावरून उडी मारून आत येतो.

झेकांची या खेळातली नोंद फार जुनी. 1908 साली पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय आइस हॉकी संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षी बोहेमिया तिचा सदस्य झाला. तेव्हा बोहेमिया नावाचा देश नव्हता, ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यातला तो एक प्रांत होता. पण संघटनेच्या यादीत तो स्वतंत्र नावानं उभा राहिला आणि 1911 मध्ये बर्लिनला युरोपचा विजेताही झाला. राज्य मिळण्याआधी दहा वर्षं त्यांना संघ मिळाला होता. पुढं या खेळावर राष्ट्राचं ओझं का पडलं, याची एक मुळी इथं आहे.

लीग मात्र 1936-37 च्या हिवाळ्यात सुरू झाली. इतका उशीर का, याचं उत्तर राजकारणात नाही, अमोनियाच्या नळ्यांत आहे. तळ्यावरच्या नैसर्गिक बर्फावर वेळापत्रक आखता येत नाही. चार दिवस ऊन पडलं की सामना पाण्यात. कृत्रिम बर्फ हाताशी आल्यावरच अमुक तारखेला अमुक ठिकाणी सामना, असं छापता येऊ लागलं. प्रागमधलं पहिलं असं मैदान व्ल्तावा नदीतल्या श्त्वानित्से बेटावर झालं. 1933, 1938 आणि 1947 च्या जागतिक स्पर्धा तिथंच झाल्या. मी ते बघायला गेलो तेव्हा बेटावर गवत आणि पुलावरून जाणाऱ्या गाड्यांचा आवाज एवढंच होतं. मैदान 2011 साली पाडलं गेलं.

पहिलं अजिंक्यपद एलटीसी प्राग या क्लबानं पटकावलं. नावातला 'एल' आणि 'टी' लॉन टेनिसचा. म्हणजे हा पांढरे कपडे घालणाऱ्या, खाऊनपिऊन सुखी लोकांचा टेनिस क्लब, जो हिवाळ्यात हॉकी खेळे. यारोस्लाव द्रोब्नी या एकाच माणसात दोन्ही खेळ दिसतात. 1947 च्या जगज्जेत्या हॉकी संघात तो होता, 1948 च्या ऑलिंपिक रौप्यविजेत्या संघातही होता आणि 1954 साली विम्बल्डनचा विजेताही तोच. हॉकीत डोळ्याला झालेल्या इजेमुळं तो गडद काचांचा चष्मा घालून टेनिस खेळे. विम्बल्डन जिंकताना मात्र त्याच्या नावापुढं देश इजिप्त होता. 1949 मध्ये स्वित्झर्लंडला टेनिस खेळायला गेला तो परतलाच नाही.

एलटीसीला घडवलं ते माइक बक्ना या प्रशिक्षकानं. हा कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियातला, स्लोव्हाक आईबापांचा मुलगा. 1935 मध्ये प्रागला आला आणि कॅनडातली सांघिक खेळाची शिस्त त्यानं इथं रुजवली. 1949 पर्यंत लीगचं अजिंक्यपद बहुतेक वेळा एलटीसीकडंच राहिलं. 1948 च्या फेब्रुवारीच्या अखेरीस, प्रागमध्ये साम्यवाद्यांनी सत्ता घेतली त्याच सुमारास, हा क्लब मॉस्कोला गेला. सोव्हिएत संघांना बर्फावरची ही हॉकी नवीन होती. त्यांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा नुकतीच, 1946-47 मध्ये झालेली. तीन सामने झाले, एक जिंकला, एक हरला, एक बरोबरीत सुटला. पण सोव्हिएत प्रशिक्षक त्या सामन्यांत गुण मोजायला बसले नव्हते. गोलरक्षक उभा कसा राहतो, पास कसा जातो, हे ते टिपून घेत होते. 1954 मध्ये, जागतिक स्पर्धेत पहिल्यांदा उतरताच, सोव्हिएत संघानं सुवर्णपदक जिंकलं. त्या वेळी त्यांचे प्रागचे काही गुरुजी तुरुंगात होते.

ते तिथं कसे गेले हे नीट सांगायला हवं, कारण लीगचा पुढचा सगळा आकार यातून निघाला.

1948 च्या नोव्हेंबरात पॅरिसहून लंडनला निघालेलं एक छोटं विमान इंग्लिश खाडीवर नाहीसं झालं. त्यात राष्ट्रीय संघाचे सहा खेळाडू होते. त्याच वर्षाअखेरीस दाव्होसच्या स्पर्धेसाठी गेलेल्या एलटीसीच्या खेळाडूंनी परदेशातच राहावं का, यावर आपापसात खल केला. बहुतेक परत आले. इतकं सोसूनही 1949 मध्ये स्टॉकहोमला हा संघ पुन्हा जगज्जेता झाला. पण सरकारच्या दृष्टीनं हा आता विजेता संघ नव्हता, पळून जाऊ शकणारा संघ होता.

1950 ची जागतिक स्पर्धा लंडनला होती. 11 मार्चला खेळाडू सामानसुमान घेऊन प्रागच्या विमानतळावर आले. तिथं त्यांना सांगण्यात आलं, की सोबत येणाऱ्या नभोवाणीच्या वार्ताहरांना ब्रिटननं व्हिसा नाकारला आहे, म्हणून संघ जाणार नाही. दोन दिवसांनी, 13 मार्चच्या संध्याकाळी, खेळाडू राष्ट्रीय नाट्यगृहाजवळच्या गल्लीत त्यांच्या नेहमीच्या बिअरच्या गुत्त्यात जमले. प्यायले, चिडले, सरकारच्या नावानं ओरडले. साध्या वेशातले पोलीस आत बसलेलेच होते. बाचाबाची, मारामारी आणि अटक.

ऑक्टोबरात बंद दाराआड खटला चालला. आरोप गुत्त्यातल्या आरडाओरड्याचा नव्हता. हेरगिरी आणि देशद्रोहाचा होता. गोलरक्षक बोहुमिल मोड्रीला 15 वर्षं. तो त्या रात्री गुत्त्यात नव्हताच. कॅनडात खेळायला जाण्याची रीतसर परवानगी मात्र त्यानं मागितली होती. गुस्ताव बुब्निकला 14. स्तानिस्लाव कोनोपासेकला 12. दोघांना प्रत्येकी 10. असं करत अकरा खेळाडू आणि गुत्त्याचा मालक मिळून बारा जणांना एकूण 77 वर्षं 8 महिने. सगळ्यात कमी शिक्षा आठ महिन्यांची. मी हा हिशेब कागदावर मांडून पाहिला, तेव्हा मालकाची तीन वर्षं धरल्याशिवाय बेरीज जुळेना. बिअर पाजल्याबद्दल तीन वर्षं!

ज्यांना मोठ्या शिक्षा झाल्या त्यांना यथावकाश याखिमोव्हच्या युरेनियमच्या खाणींकडं धाडलं गेलं. तिथलं युरेनियम सोव्हिएत संघाला जाई. 1955 च्या सुरुवातीला सुटका झाली. मोड्री आजारी शरीर घेऊन बाहेर आला आणि 1963 साली, वयाच्या 46 व्या वर्षी गेला. इंजिनियर माणूस, दोनदा जगज्जेता. बुब्निक जगला, बराच जगला. फिनलंडनं त्याला प्रशिक्षक म्हणून बोलावलं आणि 1967 च्या जागतिक स्पर्धेत त्याच्या फिनलंडनं चेकोस्लोव्हाकियाला हरवलं. तोवर असं कधी झालं नव्हतं.

आता मस्टरकडं वळतो.

एलटीसी हा क्लब अटकेनंतर फार काळ उरला नाही. दुसऱ्या नावात विरघळवून टाकला गेला. खासगी क्लब ही कल्पनाच नव्या व्यवस्थेत बसत नव्हती. मग संघ कुणाचे? तीन मालक पुढं आले: कारखाने, लष्कर आणि पोलीस खातं. लीग तीच राहिली, बर्फ तोच राहिला, पण नावांच्या पाट्या बदलल्या. झ्लीन गावाचं उदाहरण मराठी वाचकाला जवळचं वाटेल. बाटा ही आपल्याकडची कंपनी नाही असं सांगितलं, तर आजही निम्मे लोक वाद घालतील. ती या झ्लीनची. तिथल्या हॉकीला कारखान्याच्या गावाचा आधार होता. सत्ताबदलानंतर कारखान्याचं राष्ट्रीयीकरण झालं आणि 1949 मध्ये गावाचंच नाव साम्यवादी अध्यक्षांच्या नावावरून गोत्वाल्डोव्ह ठेवलं गेलं. लीगच्या तक्त्यात मग झ्लीन दिसत नाही, गोत्वाल्डोव्ह दिसतं. 1990 मध्ये जुनं नाव परत आलं.

1953 साली ब्रनो शहरात गृहखात्याच्या छत्राखाली एक नवा क्लब उभा राहिला: रुदा ह्व्येझ्दा, म्हणजे लाल तारा. देशभरातले उमदे खेळाडू तिथं गोळा झाले. 1962 मध्ये हा संघ बॉल-बेअरिंगच्या कारखान्याकडं सोपवला गेला, पण खेळाडूंचा साचा तोच. 1956 मध्ये लष्कराच्या 'दुक्ला' या क्लबाचा हॉकी संघ यिह्लावा या छोट्या गावात आला. दुक्ला हे 1944 च्या एका रक्तरंजित लढाईच्या खिंडीचं नाव. प्रत्येक तरुणाला लष्करी सेवा सक्तीची होती. त्यामुळं इतर क्लबांनी वाढवलेली पोरं विशीत आली, की ती यिह्लावाला गणवेशात हजर होत. पुढं जगातला सर्वोत्तम गोलरक्षक ठरलेला दोमिनिक हाशेक पार्दुबित्सेला दोन अजिंक्यपदं मिळवून देऊनही 1989 मध्ये तिथं सेवेला गेलाच.

मी विजेत्यांची यादी घेऊन बसलो. 1955 ते 1972 असे 18 हंगाम. त्यांतले 11 ब्रनोनं जिंकले, 6 यिह्लावानं. मध्ये 1959 मध्ये एकदा क्लाद्नोच्या पोलाद-कामगारांच्या संघानं बाजी मारली. म्हणजे सतरा वेळा अजिंक्यपद अशा संघांकडं गेलं, जे पोलिसांनी किंवा लष्करानं उभे केले होते. ज्या गृहखात्याच्या माणसांनी गुत्त्यात जगज्जेत्यांना बेड्या घातल्या, त्याच खात्यानं तीन वर्षांत नवा संघ काढला आणि दुसऱ्याच हंगामात लीग जिंकली. योगायोग बघा, या नव्या संघाचा मोठा खेळाडू होता व्लास्तिमिल बुब्निक. तुरुंगातल्या गुस्तावचा भाऊबंद नव्हे, नुसता आडनावबंधू. एक बुब्निक याखिमोव्हला, दुसरा लाल ताऱ्याच्या जर्सीत. व्लास्तिमिलचा यात काही दोष नाही. बर्फावर उतरायचं तर जिथं मस्टर आहे तिथं जायचं, एवढंच विशीतल्या पोराच्या हातात होतं.

हौशी हा शब्द त्या काळच्या ऑलिंपिकच्या नियमांनी जिवंत ठेवला होता. पश्चिमेकडचे लोक टोमण्यानं 'सरकारी हौशी' म्हणत. कागदावर कुणी सैनिक, कुणी गिरणीतला फिटर, कुणी खाणकामगार. काही जण खरोखरच कसबी होते: ब्रातिस्लाव्हाचा थोराड गोलरक्षक व्लादिमीर द्झुरिला फ्रिज दुरुस्तीचं काम शिकलेला होता. आपल्याला यात नवल वाटू नये. रेल्वे, पोलीस, एअर इंडिया, बँका, महिंद्रा यांच्या संघांनी आपल्याकडची कबड्डी आणि खो-खो जगवली. मुंबईत ऑफिसांच्या क्रिकेटसाठी टाइम्स शिल्ड होती. फरक इतकाच, की आपला खेळाडू बँक सोडून रेल्वेत गेला तर फार तर साहेब चिडे. तिथं मालक एकच होता, दारं वेगवेगळी. दार सोडून बाहेर जायचं तर देशच सोडावा लागे. तसा तो अनेकांनी सोडला. 1974 मध्ये वात्स्लाव नेदोमान्स्की टोरंटोला निघून गेला. 1980 मध्ये पीटर आणि आंतोन श्त्यास्तनी हे भाऊ इन्सब्रुकच्या स्पर्धेतून थेट कॅनडाला गेले. त्यांच्या ब्रातिस्लाव्हानं आदल्याच वर्षी पहिल्यांदा लीग जिंकली होती. 1985 मध्ये पेत्र क्लिमा पळाला, तो तर लष्कराच्या दुक्लाचाच खेळाडू.

हे सगळं डोळ्यांसमोर ठेवून आता ती 1969 ची गोष्ट पुन्हा सांगतो. पुण्याच्या माडीवर सांगितली तशी नव्हे.

त्या वर्षीची जागतिक स्पर्धा मुळात प्रागला ठरली होती. रणगाडे आल्यावर चेकोस्लोव्हाकियानं ती सोडली आणि ती स्टॉकहोमला गेली. जानेवारीत यान पालाख या विद्यार्थ्यानं प्रागच्या वेन्सेस्लास चौकात स्वतःला पेटवून घेतलं होतं. 21 मार्चला चेकोस्लोव्हाकियानं सोव्हिएत संघाला 2-0 नं हरवलं. गोलमध्ये द्झुरिला. पहिला गोल बचावपटू यान सुखीचा. (आडनाव मराठी कानाला गोड लागतं, पण चेक भाषेत त्याचा अर्थ 'कोरडा'.) 28 मार्चला पुन्हा सामना, 4-3. खेळाडूंच्या छातीवर बोहेमियाचा सिंह होता आणि सिंहाच्या डोक्यावर, जुन्या मुकुटाच्या जागी, साम्यवादी राजवटीचा तारा. यारोस्लाव यिर्झिकनं त्या ताऱ्यावर चिकटपट्टी लावली होती.

हा यिर्झिक ब्रनोचा. म्हणजे ज्या क्लबाचं नाव सात वर्षांपूर्वीपर्यंत 'लाल तारा' होतं, त्याचा. सुखी आणि होलिक बंधू यिह्लावाचे, म्हणजे कागदोपत्री लष्कराचे. वॉर्सा करारातल्या एका सैन्याच्या क्लबाचे खेळाडू त्या करारातल्या थोरल्या सैन्याला बर्फावर लोळवत होते. मी पूर्वी हे 'जनतेचा संघ विरुद्ध सत्ता' असं सांगत असे. ते खोटं नाही, पण त्यात गाळलेली जागा फार मोठी आहे. हा संघ सत्तेनंच जोपासला होता, सत्तेच्याच पैशानं, सत्तेच्याच बराकीत. त्याची निष्ठा मात्र तिला विकत घेता आली नव्हती. मस्टरवर सही घेता येते. सही करणाऱ्याच्या मनात काय आहे, त्याचा रकाना मस्टरमध्ये नसतो. कबड्डीवाल्या गृहस्थांना हे माझ्याआधी कळलं होतं.

पदकांचं म्हणाल तर सुवर्ण सोव्हिएत संघालाच गेलं. सोव्हिएत संघ, स्वीडन आणि चेकोस्लोव्हाकिया तिघांचे सारखे 16 गुण झाले आणि चेकोस्लोव्हाकियाच्या वाट्याला कांस्य आलं. त्या रात्री ते कुणाच्या लक्षातही नव्हतं. देशभर लाखो लोक रस्त्यांवर आले. वेन्सेस्लास चौकात एरोफ्लोत या सोव्हिएत विमान कंपनीचं कार्यालय होतं. त्याच्या काचा फुटल्या, सामान रस्त्यावर जाळलं गेलं. फरसबंदीच्या दगडांचा ढीग त्या कार्यालयासमोर आधीच आणून टाकलेला होता. म्हणून हा डाव गुप्त पोलिसांनीच रचला असावा, असा संशय तेव्हापासून आहे. निर्विवाद पुरावा पुढं आलेला नाही. मला स्वतःला वाटतं, की दगड कुणी आणले याला आपण गरजेपेक्षा जास्त महत्त्व देतो. दगड आणणाऱ्यांनी तो आनंद आणला नव्हता. परिणाम मात्र सरळ झाला. मॉस्कोनं या दंगलीचा बडगा केला आणि 17 एप्रिलला दुब्चेक जाऊन पक्षाच्या प्रमुखपदी गुस्ताव हुसाक आले. सुधारणांचा जो काही श्वास उरला होता तो संपला. जिंकलेल्या सामन्यानं देश हरल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

यिर्झिकचं काय झालं? त्याला त्याच वर्षी सरकारच्या परवानगीनं अमेरिकेत सेंट लुइसकडून खेळायला जाऊ दिलं. तीन सामने खेळून तो परत ब्रनोला आला. या व्यवस्थेचं तर्कशास्त्र शोधायला गेलं की असं हात हलवत परतावं लागतं.

1989 नंतर सगळं उलटलं. सीमा उघडल्या, उत्तम खेळाडू विमानानं, तिकीट काढून, अमेरिकेला गेले. 1993 मध्ये देश दोन झाला आणि लीगही. चेक भागातल्या सर्वोच्च लीगला 'एक्स्ट्रालीग' नाव मिळालं. आता ती उघडपणे व्यावसायिक आहे: 14 संघ, प्रत्येकी 52 सामने, मग बाद फेऱ्या. आपल्या आयपीएलपेक्षा एक मोठा फरक, शेवटून पहिला आलेल्या संघाला खालच्या लीगच्या विजेत्याशी झगडून आपली जागा राखावी लागते. हरला की खाली. 1998 च्या नागानो ऑलिंपिकमध्ये चेक संघानं रशियाला 1-0 नं हरवून सुवर्ण जिंकलं, त्यावर तर पुढं प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहानं ऑपेरा केला. पण ते परदेशी मैदानांतल्या तारकांचं यश. लीगची कथा लहान गावांत चालू राहिली.

व्सेतीन हे डोंगरातलं पंचवीस-तीस हजार वस्तीचं गाव. 1995 ते 1999 अशी सलग पाच अजिंक्यपदं त्यांनी जिंकली, 2001 मध्ये सहावं. 2007 नंतर हे गाव एक्स्ट्रालीगमधून नाहीसं झालं. पैसा कुठून येतो आणि कुठं जातो याचा ताळमेळ राहिला नव्हता. पोलंडच्या सीमेवरच्या त्रिनेत्सचं नेमकं उलट. तिथं 1839 पासूनचा लोखंडाचा कारखाना अजून धगधगतो आणि संघाचं नावच 'ओत्सेलार्झी', पोलाद-कामगार. 2019 मध्ये आणि मग 2021 ते 2024 सलग, असं लीगचं अजिंक्यपद त्यांच्याकडं होतं. मधलं 2020 चं महामारीनं खाल्लं. आणि चेस्के बुदेयोवित्से? गवत कापायची यंत्रं विकणारी एक कंपनी त्या संघाची आश्रयदाती होती. 2013 मध्ये कंपनीनं तिथून अंग काढलं आणि लीगमधली जागा घेऊन ती ह्रादेत्स क्रालोव्हे शहरात गेली. बुदेयोवित्सेच्या लोकांनी खालच्या लीगमधून पुन्हा सुरुवात केली आणि 2020 मध्ये वर आले. पूर्वी पाटी बदलली की तेच गाव नव्या नावानं खेळे. आता पाटी तीच राहून गाव बदलतं.

क्लाद्नोला मी दोनदा गेलो. प्रागहून गाडीनं तासाच्या आत. पोल्दी हा इथला पोलादाचा कारखाना 1889 मध्ये कार्ल विट्गेनश्टाइन यांनी काढला आणि त्याला बायकोचं लाडकं नाव दिलं. लिओपोल्दिना, म्हणून पोल्दी. तिचा बाजूनं दिसणारा चेहरा आणि वर तारा हे पोलादावरचं चिन्ह. त्यांचाच धाकटा मुलगा तत्त्वज्ञ लुडविग. साम्यवादी काळात तिच्या नावाचा संघ खेळत होता आणि सत्तरच्या दशकात त्यानं लष्कराची मक्तेदारी मोडली. 1975 ते 1978 सलग चार आणि 1980 मध्ये एक अजिंक्यपद. नव्वदच्या दशकात खासगीकरणाच्या गोंधळात कारखाना मोडकळीला आला. आज तिथं चिमण्या आहेत, धूर नाही.

याच गावात 1972 मध्ये यारोमिर यागर जन्मला. सामूहिकीकरणात त्याच्या आजोबांची जमीन गेली, त्यांनी तुरुंग भोगला आणि 1968 मध्ये ते वारले. म्हणून नातवाच्या पाठीवर 68 हा आकडा. 1990 मध्ये तो पिट्सबर्गला गेला, पळून नव्हे, राजरोस, आणि पहिल्या दोन्ही हंगामांत स्टॅन्ली चषक जिंकला. पुढं त्यानं गावचा क्लबच विकत घेतला. क्लब 2014 मध्ये खाली गेला, 2019 मध्ये वर आला, 2020 मध्ये पुन्हा खाली, 2021 मध्ये पुन्हा वर. या चढउतारात मालक स्वतः अधूनमधून स्केट बांधून उतरत राहिला. मी त्याला पाहिलं ते 2024-25 च्या हंगामात. वय पन्नाशीच्या पुढं. कठड्यावर, बर्फावर, जर्सीवर, चड्डीच्या मागं सुद्धा जाहिराती. विशीतली पोरं त्याच्या बाजूनं सुसाट जात होती. तो फार पळत नव्हता, पण पक त्याच्याकडं आला की जरा वेळ तिथंच राही. माझ्या शेजारी एक बाई स्वेटर विणत सामना बघत होत्या आणि तो बाकावर परतला की तेवढ्यापुरत्या टाके मोजत.

परत आल्यावर त्या गृहस्थांचा पत्ता वाचनालयातून मिळवला आणि भेटायला गेलो. तासभर सांगितलं: लाल तारा, दुक्ला, चिकटपट्टी, सतरा अजिंक्यपदं. ते शांत ऐकत होते. यागरचा फोटो मोबाइलवर दाखवला, तेव्हा तो त्यांनी चष्मा वर करून पुन्हा नीट पाहिला.

"म्हणजे क्लबही त्याचाच आणि खेळतोही तोच?"

"हो."

"मग रजेचा अर्ज कुणाकडं देत असेल?" असं म्हणून ते हसले आणि आत चहाचं सांगायला गेले.